९५ टक्के जुळणी आणि हरवलेले पाच जण

देशातील विज्ञानाच्या बातम्यांत एक मथळा आता ओळखीचा झाला आहे. कर्करोगाच्या गाठीतील जनुकीय उत्परिवर्तन ओळखणारी नवी चाचणी आली. ती स्वस्त आहे, जलद आहे आणि प्रचलित पद्धतीशी तिचे निष्कर्ष ९५ टक्के जुळतात. कधी आकडा ९३ असतो, कधी ९८. बातमी तेथेच संपते आणि अभिनंदनांचा ओघ सुरू होतो. त्या टक्केवारीची फोड करून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

फोड अशी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील संशोधकांनी २०१३ मध्ये फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या ९०७ भारतीय रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ टक्के रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात उत्परिवर्तन आढळले. आता अशा रुग्णांचे १०० नमुने डोळ्यांसमोर आणावेत. २३ मध्ये उत्परिवर्तन आहे, ७७ मध्ये नाही. नव्या चाचणीने २३ पैकी १८ अचूक ओळखले, पाच सोडले आणि ७७ जणांना बरोबर ‘नाही’ म्हटले. शंभरातले ९५ निष्कर्ष जुळले; मथळा तयार झाला. पण ज्या २३ जणांसाठी ही सारी खटपट होती, त्यांच्यापैकी पाच जण, म्हणजे पाचांत एकाहून अधिक, निसटून गेले. याच हिशेबाने, नमुन्याकडे ढुंकूनही न पाहता सरसकट ‘नाही’ असा शिक्का मारणारा कारकून ७७ टक्के जुळणी मिळवतो.

योगायोगाने होणारी जुळणी वजा करणारे कोहेन यांचे ‘कप्पा’ हे माप १९६० पासून उपलब्ध आहे आणि बरेच शोधनिबंध ते छापतातही. वरील उदाहरणात ते ०.८५ च्या आसपास येते. रूढ प्रतवारीनुसार ०.८१ च्या पुढचे सारे ‘जवळजवळ परिपूर्ण’ ठरते. पाच जण बाहेर राहिले तरी परिपूर्णतेच्या या पदवीला धक्का लागत नाही.

हे पाच जण कशाला मुकतात, हे पाहिल्याशिवाय या वादाचे गांभीर्य कळणार नाही. ईजीएफआरमधील उत्परिवर्तन आणि त्यावर नेमका वार करणाऱ्या गोळ्या यांचा संबंध २००४ मध्ये उघड झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या पूर्व आशियातील चाचणीत १,२१७ रुग्ण होते. उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांत जेफिटिनिबच्या गोळीने रोग वाढण्यापूर्वीचा मध्यक काळ ९.५ महिने होता, केमोथेरपीने ६.३ महिने. उत्परिवर्तन नसलेल्यांत हे चित्र पार उलटले: गोळीने १.५ महिने, केमोथेरपीने ५.५. म्हणजे ‘नाही’ असे खोटे उत्तर जितके घातक, तितकेच ‘आहे’ असे खोटे उत्तरही घातक. पुढे परळच्या टाटा मेमोरियलमध्येच ३५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये छापून आलेल्या चाचणीत जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यावर हा काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब या याच कुळातील महागड्या औषधावरील सीमाशुल्क माफ झाले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. परंतु आठाचे सोळा होणे काय किंवा शुल्कमाफी काय, दोन्हींचा लाभ ज्याच्या अहवालात ‘आढळले’ हा शब्द उमटतो त्यालाच मिळतो. औषधापर्यंत जाणारी वाट प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरूनच जाते.

कोलकात्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. या शहराला कर्करोगाच्या उपचारांची जुनी परंपरा आहे. चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. २०११ मध्ये न्यू टाऊन येथे टाटा मेडिकल सेंटर उभे राहिले. शहराच्या उत्तरेला, सियालदाहून लोकलने जाण्याच्या अंतरावर, नदिया जिल्ह्यातील कल्याणी येथे एनआयबीएमजी ही जीवजनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. इतके असूनही हावड्याला गीतांजली एक्सप्रेस पकडून मुंबई गाठणारी बंगाली कुटुंबे परळच्या रस्त्यांवर आजही दिसतात. त्यांच्या हातातील पिशवीत सीटी स्कॅनच्या फिल्म असतात, फायली असतात आणि बऱ्याचदा काड्यापेटीहून लहान असा मेणाचा एक ठोकळा असतो. पॅथॉलॉजीच्या भाषेत त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. गाठीचा जो तुकडा सुईने काढला, तो फॉर्मेलिनमध्ये ठेवून पॅराफिनमध्ये बसवलेला असतो. रुग्णाचे पुढचे वर्ष त्या ठोकळ्यात बंद असते.

पद्धतींची तुलना या ठोकळ्यापासून सुरू व्हायला हवी. होते मात्र यंत्रापासून. हाच या सगळ्या बातम्यांचा आणि अनेक शोधनिबंधांचाही मूळ दोष आहे.

ठोकळ्यात काय असते? फुप्फुसातून सुईने काढलेला तुकडा धाग्याएवढा बारीक असतो. क्षयाची शंका आपल्या देशात आधी घेतली जाते, त्यामुळे त्याच तुकड्यातून क्षय नाही ना हे पाहायचे, कर्करोगाचा प्रकार ठरवायचा, त्यासाठी चार-दोन रंजनचाचण्या करायच्या, आणि उरलेल्या पापुद्र्यांतून जनुकचाचणी करायची. त्या पापुद्र्यांतील सर्व पेशी कर्करोगाच्या नसतात. रक्तवाहिन्या, दाहपेशी, निरोगी ऊतक असे सारे त्यात मिसळलेले असते. समजा, शंभर पेशींपैकी २० कर्कपेशी आहेत. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात आणि उत्परिवर्तन सहसा त्यांपैकी एकीतच असते. म्हणजे २०० प्रतींत उत्परिवर्तित प्रती २०. प्रमाण १० टक्के. हा साधा गुणाकार ज्याला कळला, त्याला पुढचे सर्व कळले.

फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिलेली क्रमवाचनाची पद्धत मिश्रणातील उत्परिवर्तित प्रती साधारण १५ ते २० टक्क्यांच्या खाली गेल्या की त्यांना गमावू लागते. आलेखावर मोठ्या शिखराच्या पायथ्याशी एक छोटा उंचवटा दिसतो. तो खरा की पार्श्वभूमीचा गोंगाट, हे बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते. वरच्या उदाहरणातील १० टक्के तिला बहुधा दिसणारच नाहीत. पॅथॉलॉजिस्टने मात्र कर्कपेशींचा दाट भाग स्लाइडवर पेनाने आखून दिला आणि तंत्रज्ञाने ब्लेडने तेवढाच भाग खरवडून घेतला, तर २० टक्क्यांचे ६० टक्के होऊ शकतात आणि त्याच जुन्या पद्धतीला तेच उत्परिवर्तन स्वच्छ दिसते. काही रुपयांच्या ब्लेडने साधलेली ही सुधारणा कोट्यवधींच्या यंत्राच्या बातमीत कधी वाचायला मिळत नाही, कारण ब्लेडचा कोणी विक्रेता पत्रकार परिषद घेत नाही. सँगर पद्धतीचा दुसरा गुणही विसरला जातो. ती समोर आलेला पट्टा अक्षर न् अक्षर वाचते. पूर्वी कोणी न पाहिलेली कपात किंवा भर त्यात असेल, तरी ती दिसते.

रिअल-टाइम पीसीआरचे संच याच्या नेमके उलट वागतात. त्यातील प्रायमरचे टोक विशिष्ट उत्परिवर्तनाशी जुळले तरच प्रतींची वाढ होते. म्हणून ते पाच टक्के, कधी एक टक्का इतक्या कमी प्रमाणातील उत्परिवर्तनही पकडतात, पण यादीत असलेलेच. ईजीएफआरच्या एक्झॉन १९ मधील कपाती आणि एल८५८आर हा बदल मिळून उत्परिवर्तित रुग्णांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक रुग्ण होतात. त्यांच्यासाठी हे संच उत्तम. एक्झॉन २० मध्ये अक्षरांची भर पडलेली असेल, तर तिचे प्रकार इतके आहेत की ठरावीक यादीचा संच त्यांतील मोठा भाग गमावतो. अशा रुग्णाला मिळणारा अहवालही ‘आढळले नाही’ असाच असतो. जे शोधलेच नाही ते आढळले नाही, या वाक्याला विज्ञानाच्या भाषेत अहवाल म्हणायचे का, याचा विचार संबंधितांनी करावा.

आता डिजिटल पीसीआर. बर्ट फोगलस्टाइन आणि केनेथ किंझलर यांनी १९९९ मध्ये ही कल्पना मांडली, ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे उत्परिवर्तन मलाच्या नमुन्यात शोधण्यासाठी. आजच्या उपकरणात एका नमुन्याचे सुमारे २०,००० सूक्ष्म थेंब होतात आणि प्रत्येक थेंबाला स्वतंत्रपणे ‘आहे की नाही’ असे विचारले जाते. ‘०.१ टक्क्यापर्यंत संवेदनशील’ हे तिचे बिरुद. येथे विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. मानवी जनुकसंचाच्या एका प्रतीचे वजन सुमारे ३.३ पिकोग्रॅम असते. म्हणजे १० नॅनोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ३,००० प्रती, त्यांचा ०.१ टक्का म्हणजे तीन. सरासरी तीन अपेक्षित असताना हाती एकही न लागण्याची शक्यता, प्वासाँच्या सूत्राने, ५ टक्के. सुईच्या बायोप्सीतून हाती एकच नॅनोग्रॅम लागला, तर ३०० प्रती, अपेक्षा ०.३, आणि एकही न लागण्याची शक्यता ७४ टक्के. फॉर्मेलिनने तुकडे केलेल्या डीएनएतील वाचण्याजोग्या प्रती तर याहून कमी. नळीत जो रेणू पडलाच नाही, तो कोणते यंत्र दाखवणार? सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये याच कोलकात्यातून प्रसिद्ध केलेल्या निबंधात अनुमानाच्या अचूकतेला उपलब्ध माहितीची एक मर्यादा असते हे गणिताने दाखवून दिले होते. त्यांच्याच शहरात यंत्राच्या माहितीपत्रकावरील ०.१ टक्का हा आकडा निमूटपणे मान्य व्हावा, हे शोभत नाही.

पुढील पिढीचे क्रमवाचन, ज्याला सर्वत्र एनजीएस म्हणतात, या सर्वांवरचा अंतिम उपाय असल्यासारखे सांगितले जाते. त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. एकाच वेळी शेकडो जनुके, यादीबाहेरचे बदल, प्रतींची संख्या, हे सारे एका झटक्यात मिळते. युरोपातील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये फुप्फुसासह मोजक्या प्रगत कर्करोगांसाठी त्याची शिफारस केली. तिने सरसकट सर्व कर्करोगांसाठी ती केली नाही, हेही वाचायला हवे. एनजीएसच्या बातम्यांत ‘हजारपट खोली’ असा शब्दप्रयोग असतो, म्हणजे प्रत्येक अक्षर हजारदा वाचले. पण मुळात नळीत २०० प्रतीच असतील, तर हजार वाचने म्हणजे त्याच दोनशे साक्षीदारांना पुन्हा पुन्हा उभे करणे होय. मूळ रेणूंवर वेगवेगळी ओळखचिन्हे लावून ही पुनरुक्ती ओळखता येते. ती लावली होती का, हे बातमीत नसते. अहवालातही ते विरळाच आढळते.

आणि फॉर्मेलिन स्वतः उत्परिवर्तने ‘तयार’ करते. त्याच्या प्रभावाने डीएनएतील सायटोसिनचा अमिनो गट गळतो, त्याचे युरॅसिल होते आणि यंत्र तेथे थायमिन वाचते. हे नुकसान थोड्या प्रतींत असल्यामुळे कमी संवेदनशील पद्धतीला ते दिसतही नाही. अतिसंवेदनशील पद्धतीला ते उत्परिवर्तन वाटते. ओसिमर्टिनिब ज्या टी७९०एम बदलामुळे प्रथम मान्यता पावले, तो बदल नेमका सायटोसिनच्या जागी थायमिन येण्याचाच आहे. म्हणजे ठोकळ्यातील रसायनाने केलेली खोड आणि औषधाला साद देणारे खरे उत्परिवर्तन यांचा चेहरा एकच. युरॅसिल असलेला डीएनए आधीच छाटून टाकणारे विकर यावर उपयोगी पडते. ते वापरले की नाही, हे पुन्हा अहवालाबाहेर!

याच ठिकाणी ‘संवेदनशीलता’ या शब्दाची लबाडी उघडी पाडायला हवी. प्रयोगशाळेत तो शब्द दोन वेगळ्या अर्थांनी चालतो. एक अर्थ, किती कमी प्रमाणातील उत्परिवर्तन चाचणीला दिसते. दुसरा, उत्परिवर्तन असलेल्या शंभर रुग्णांपैकी किती जण चाचणीला सापडतात. पहिला गुण यंत्राचा, दुसरा संपूर्ण साखळीचा. ०.१ टक्क्यापर्यंत पाहणारी चाचणी एकाच बदलासाठी बांधलेली असेल, तर ती इतर सर्व बदल असलेल्या रुग्णांना शंभर टक्के गमावते. माहितीपत्रक पहिल्या अर्थाने बोलते, बातमी दुसऱ्या अर्थाने ऐकते, आणि विद्यार्थी परीक्षेत दोन्ही एकच समजून लिहितो.

तुलनेच्या निबंधांची आणखी एक खोड आहे. जुन्या पद्धतीला सुवर्णमानक मानून नव्या पद्धतीची परीक्षा घ्यायची. मग नव्या पद्धतीने अधिक काही शोधले, की ते ‘खोटे सकारात्मक’ ठरते. कारण मानकाला ते दिसले नव्हते. ही अडचण लक्षात आल्यावर काही जण न जुळलेले नमुने तेवढे तिसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासतात आणि नव्या पद्धतीच्या बाजूने निकाल लागला की तिचे गुण वाढवतात. हे न्यायाचे दिसते, पण नाही. जुळलेले नमुने कोणी पुन्हा तपासत नाही. दोन्ही पद्धती एकत्र चुकल्या असतील तर ते कधीच कळत नाही. फेरतपासणीची संधी फक्त एकाच दिशेने गुण वाढवू शकते. शिवाय नमुन्यांची संख्या. २३ पैकी २३ ओळखले, ‘१०० टक्के संवेदनशीलता’ असे लिहिले जाते. संख्याशास्त्र सांगते की इतक्या थोड्या नमुन्यांत शंभरपैकी बारा रुग्ण गमावणारी चाचणीही असा निर्भेळ निकाल देऊन जाऊ शकते.

देशात याहून चांगले काम झालेले नाही, असे कोणी समजू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पात भारताने जो भाग उचलला, तो कल्याणीची एनआयबीएमजी आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक यांनी मिळून पार पाडला. विषय होता गाल आणि हिरड्यांचा कर्करोग, म्हणजे तंबाखू, गुटखा, खैनी आणि मिश्री यांनी महाराष्ट्रापासून बंगालपर्यंत पोसलेला आजार. २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाची रचना बघावी. ५० रुग्णांच्या एक्झोमचे वाचन केले आणि त्यात जे दिसले, ते पुन्हा पुन्हा आढळते का हे आणखी ६० रुग्णांत तपासले. गाठीचा डीएनए एकटा वाचला नाही. त्याच रुग्णाच्या रक्तातील डीएनएशी तो ताडून पाहिला. यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ यांसारखी नवी जनुके त्यातून पुढे आली. एका शोधाला दुसऱ्या समूहाने आणि गाठीला रक्ताने साक्ष दिल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यातील संयम बातम्यांपर्यंत पोहोचला नाही. पोहोचले ते फक्त ‘नवी जनुके सापडली’.

रक्ताशी ताडून पाहणे हा खर्चिक सोपस्कार वाटतो आणि नित्याच्या चाचण्यांत तो बहुधा वगळला जातो. मग गाठीत दिसलेला बदल जन्मजात की कर्करोगाने घडवलेला, हे ठरवायला जागतिक माहितीसाठ्यांचा आधार घ्यावा लागतो. या साठ्यांत युरोपीय वंशाचे लोक भरपूर आणि भारतीय तुटपुंजे. त्यामुळे एखाद्या भारतीय समूहात सहज आढळणारा निरुपद्रवी जन्मजात बदल कर्करोगाचे उत्परिवर्तन म्हणून मोजला जाऊ शकतो. गाठीतील एकूण उत्परिवर्तनांचा भार मोजून प्रतिकारशक्तीवर काम करणारी महागडी औषधे सुचवली जातात, तेव्हा हा फुगलेला भार निरर्थक खर्चाकडे नेतो. १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प जानेवारी २०२५ मध्ये माहिती खुली करताना देशभर गाजला. अभिमानाची वाक्ये पुष्कळ लिहिली गेली. त्या माहितीचा सर्वांत निकडीचा आणि सर्वांत साधा उपयोग, कर्करोगाच्या अहवालातील ही गाळणी दुरुस्त करण्याचा, मात्र क्वचितच कोणाच्या मथळ्यात आला.

यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते. गरीब देशाला परिपूर्णतेची चैन परवडत नाही. काहीच न होण्यापेक्षा स्वस्त चाचणी बरी. या युक्तिवादात दया आहे, तर्क नाही. स्वस्त पद्धतीला कोणाचाच विरोध नसावा. ६० टक्के कर्कपेशी असलेल्या ठोकळ्यावर सँगर पद्धत उत्तम काम करते, आणि मोठ्या पॅनेलवर खर्च करूनही हाती येणारी औषधे दोन-तीनच असतील, तर साधा पीसीआर संच अधिक शहाणपणाचा. आक्षेप आहे तो स्वस्त चाचणीची मर्यादा झाकण्याला. मुर्शिदाबादहून आलेल्या शेतमजुराच्या कुटुंबाला ‘आढळले नाही’ असा कागद मिळतो, तेव्हा ते त्याचा अर्थ ‘नाही’ असाच घेतात, आणि त्यांचे डॉक्टरही घाईत तसाच घेतात. खरा अर्थ कदाचित असा असतो: या तुकड्यात कर्कपेशी १० टक्के होत्या, पद्धतीला २० टक्क्यांखालचे दिसत नाही, त्यामुळे प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही, दुसऱ्या पद्धतीने पाहावे किंवा रक्ताचा नमुना घ्यावा. हे वाक्य छापायला शाईखेरीज काही लागत नाही. गरिबाला स्वस्त चाचणी द्यावी, अर्धवट वाक्य देऊ नये. कारण दुसरी चाचणी मागण्याचा त्याचा हक्क त्या वाक्याच्या गाळलेल्या अर्ध्यातच असतो.

अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्टांच्या आणि जनुकनिदानाच्या संस्थांनी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी संयुक्तपणे काढलेल्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत, अवघ्या २० टक्के कर्कपेशी असलेल्या नमुन्यातही बदल ओळखू शकेल अशी पद्धत प्रयोगशाळेने स्वतः वापरावी किंवा अन्य प्रयोगशाळेतून उपलब्ध करून द्यावी, असे म्हटले आहे. आपल्याकडे एनएबीएलचे मानांकन ऐच्छिक आहे. मानांकन घेणाऱ्या प्रयोगशाळा बाह्य गुणवत्ता-परीक्षेत भाग घेतात. न घेणारीला कोण विचारणार? निदान अहवालात कर्कपेशींचे प्रमाण, डीएनएचे प्रमाण, पद्धतीची किमान मर्यादा आणि तपासलेल्या बदलांची व्याप्ती यांची नोंद असल्याशिवाय ‘आढळले नाही’ हे शब्द छापू नयेत, एवढी सक्ती राज्याचा आरोग्य विभागही करू शकतो. यासाठी नवी संस्था लागत नाही आणि परदेशी यंत्रही लागत नाही.

तुलना कशी करावी, हे तर या शहराने जगाला शिकवले आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधील तागाच्या लागवडीची नमुना-पाहणी हाती घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे असाच पेच होता: मोजणाऱ्याच्या चुका कशा मोजायच्या? त्यांनी नमुन्याचे एकमेकांत गुंतलेले स्वतंत्र भाग पाडले आणि ते वेगवेगळ्या पथकांकडे दिले. दोन पथकांच्या आकड्यांतील तफावत हीच मोजमापाच्या दर्जाची खूण. कोणत्याही पथकाला त्यांनी सुवर्णमानक म्हटले नाही. बराकपूर ट्रंक रोडवरील त्यांच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेतच अनेक वर्षे काम केलेले पार्थ मजुमदार पुढे एनआयबीएमजीचे संस्थापक संचालक झाले; म्हणजे तागाच्या शेतापासून गाठीच्या डीएनएपर्यंतचा दुवा कोलकात्याने कधीच जोडलेला आहे.

या दुव्याचा वापर करणे अवघड नाही. शहरातील रुग्णालयांच्या कपाटांत जुने ठोकळे पडून असतात. नैतिक समितीच्या परवानगीने त्यांतील काहीशे निवडावेत. त्यात कर्कपेशी कमी असलेले, जास्त वेळ फॉर्मेलिनमध्ये राहिलेले, हाडातून काढताना आम्लाने डीएनए खराब झालेले, असे अडचणीचे ठोकळे मुद्दाम घ्यावेत, कारण तुलनेच्या निबंधांतून नेमके हेच ‘अपुरा नमुना’ म्हणून आधी वगळले जातात. प्रत्येकाचे लागोपाठचे पापुद्रे नावे झाकून निरनिराळ्या पद्धती वापरणाऱ्या प्रयोगशाळांना पाठवावेत. किती जुळले याची टक्केवारी छापूच नये. न जुळलेल्या आणि उत्तरच न मिळालेल्या प्रत्येक नमुन्याची ओळ छापावी: कर्कपेशी किती, डीएनए किती, कोणी काय म्हटले, किती दिवसांत म्हटले आणि किती रुपयांत.